पॅरिस बघून माणसं आजारी पडतात? 'पॅरिस सिंड्रोम' हा नेमका काय प्रकार आहे?

पॅरिसचं लूव्र म्युझियम. तुम्ही रांगेत उभं राहून आत गेलात, बाणांच्या मागोमाग चालत मोठ्या हॉलमध्ये पोहोचलात. समोर काय दिसतं? मोबाईल. शेकडो हात वर आणि प्रत्येक हातात मोबाईल. त्या हातांच्या पलीकडे, जाड काचेच्या मागे मोनालिसा. उंची 77 सेंटीमीटर, रुंदी 53 सेंटीमीटर. म्हणजे हल्ली हॉलमध्ये लावतात त्या टीव्हीपेक्षाही लहान. तुम्ही जेमतेम पुढे सरकता, फोटो काढता, तेवढ्यात मागून रेटा येतो आणि तुम्ही बाहेर.

गंमत म्हणजे तिच्या बरोबर समोरच्या भिंतीवर व्हेरोनेझे या चित्रकाराचं 'काना गावचं लग्न' हे चित्र आहे. जवळपास 10 मीटर रुंद, लूव्रमधलं सगळ्यात मोठं. बहुतेक लोक त्याच्याकडे पाठ करून उभे असतात. कारण ते बघायचं आहे असं त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

"एवढंच?" हा शब्द परदेशात फिरणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडून कधी ना कधी निघतो. बहुतेकांची गोष्ट तिथेच संपते. थोडी चिडचिड होते, एक कॉफी होते, पुढचं ठिकाण येतं. पण काही लोकांच्या बाबतीत प्रकरण तिथे थांबलं नाही. ते थेट मनोविकाराच्या दवाखान्यात पोहोचले. त्यातून एक शब्द तयार झाला, पॅरिस सिंड्रोम.

तर झालं असं की...

हिरोआकी ओता नावाचे जपानी मनोविकारतज्ज्ञ पॅरिसमध्ये काम करायचे. 1980च्या दशकात त्यांच्याकडे एका विशिष्ट प्रकारचे पेशंट येऊ लागले. सगळे जपानी, नुकतेच पॅरिसला आलेले. कुणाला छातीत धडधड, घाम, चक्कर. कुणाला लोक आपल्याविरुद्ध कट करतायत असा संशय. कुणाला भास. ओतांनी या प्रकाराला नाव दिलं आणि 1991 मध्ये त्यावर जपानीत पुस्तकही लिहिलं.

पुढे 2004 मध्ये ओता आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी 'नेर्व्ह्यूर' या फ्रेंच वैद्यकीय नियतकालिकात लेख प्रसिद्ध केला. 1988 पासूनच्या काळात पॅरिसच्या सेंत-आन या मनोरुग्णालयात दाखल झालेल्या 63 जपानी पेशंटची माहिती त्यात होती. 2006 मध्ये रॉयटर्सने बातमी दिली की वर्षाला साधारण डझनभर जपानी पर्यटकांना पॅरिसमध्ये मानसोपचार घ्यावे लागतात. हॉटेलच्या खोलीत कुणीतरी चोरून ऐकतंय असं वाटणाऱ्या दोन महिला, आणि आपणच फ्रान्सचा राजा चौदावा लुई आहोत अशी खात्री झालेला एक गृहस्थ, अशी उदाहरणं त्या बातमीत होती. मग काय, जगभरच्या माध्यमांना मसाला मिळाला. "पॅरिसने अपेक्षाभंग केला आणि माणसं वेडी झाली" अशा मथळ्याखाली ही गोष्ट आजही दर काही महिन्यांनी रीलमधून फिरत असते.

पण जपानीच का?

यासाठी थोडं मागे जावं लागेल. दुसऱ्या महायुद्धानंतर सामान्य जपानी माणसाला हौसेखातर परदेशी फिरायला जाता येत नव्हतं. ही बंदी उठली 1 एप्रिल 1964 रोजी. पुढे 1985 मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात बड्या देशांचा करार झाला आणि येन झपाट्याने महाग झाला. म्हणजे जपानी माणसासाठी परदेश स्वस्त झाला. शिवाय जपानचा माल जगभर खपत होता, पैसा साठत होता आणि त्यावरून अमेरिकेची नाराजी होती. तेव्हा 1987 मध्ये सरकारनेच योजना आणली की परदेशी जाणाऱ्यांची संख्या पाच वर्षांत दुप्पट करून वर्षाला 1 कोटीवर न्यायची. हे उद्दिष्ट मुदतीच्या आधीच, 1990 मध्ये पूर्ण झालं.

एवढी माणसं निघाली, पण त्यांच्या डोक्यात पॅरिस कुठून आलं होतं? 1970 साली 'आन आन' हे तरुणींसाठीचं मासिक सुरू झालं, तेही फ्रान्सच्या 'एल' या मासिकाशी हातमिळवणी करून. दोन वर्षांनी रियोको इकेदा यांची 'व्हर्सायचा गुलाब' ही मांगा आली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातली ही चित्रकथा जपानी मुलींच्या एका अख्ख्या पिढीने वाचली. जोडीला फ्रेंच पर्सेस, फ्रेंच अत्तरं. तयार झालं ते असं शहर जिथे सगळ्या बायका सडपातळ आणि सुंदर, पुरुष अदबशीर, रस्ते चकाचक, आणि कुठेतरी कुणीतरी अकॉर्डियन वाजवतोय.

प्रत्यक्षात काय होतं? विमानतळावरून शहरात जाणारी लोकल उत्तरेकडच्या उपनगरांमधून जाते. खिडकीतून दिसतात रंगीबेरंगी अक्षरांनी माखलेल्या भिंती, गोदामं, मोठमोठ्या वसाहती. मेट्रोत पाकीटमार असतात. फूटपाथवर सिगारेटची थोटकं. आणि सगळ्यात मोठा धक्का म्हणजे वेटर.

जपानमध्ये गिऱ्हाईक म्हणजे देव, असं नुसतं म्हणत नाहीत, तसं वागतात. दुकानात पाऊल टाकलं की स्वागताचा गजर होतो. पॅरिसचा वेटर हा मात्र स्वतःला तुमचा सेवक मानत नाही. तो आपल्या कामात वाकबगार असतो आणि तुम्हीही नीट वागावं अशी त्याची अपेक्षा असते. दुकानात शिरताना 'बाँजूर' म्हटलं नाही, तर तुम्हीच उद्धट ठरता. सरळ "अमुक द्या" म्हणालात की समोरचा चेहरा पडलाच. पुण्यात दुपारी दीड वाजता दुकानाचं शटर वाजवणाऱ्या माणसाला हे चटकन समजेल. टोकियोहून आलेल्या पाहुण्याला मात्र वाटायचं की याने आपला अपमान केला. आणि अपमान झाला तरी आवाज चढवायचा नाही, हे त्याच्या अंगात भिनलेलं. त्यामुळे तो आतल्या आत कुढायचा. वर भाषा येत नाही, घड्याळात सात-आठ तासांचा फरक, झोपेचं खोबरं, आणि आठवड्याभरात सगळं बघून संपवायची घाई.

पॅरिसवाल्यांना आपल्या या ख्यातीची कल्पना नव्हती असं नाही. 2013 मध्ये तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्सने आणि पर्यटन मंडळाने मिळून टॅक्सीवाले, हॉटेलवाले आणि दुकानदारांसाठी एक पुस्तिकाच काढली. कोणत्या देशाच्या पाहुण्याला काय आवडतं, त्याच्याशी कसं बोलायचं, अशी. वेटरच्या वागण्यात त्याने किती फरक पडला, हे पॅरिसला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा.

मग हा आजार खरा आहे का?

इथे जरा थांबायला हवं, कारण रील इथे थांबत नाहीत. मनोविकारांच्या ज्या अधिकृत याद्या जगभर वापरल्या जातात, त्यांत 'पॅरिस सिंड्रोम' नावाचा आजार नाही. आकडे बघा. जपानमधून फ्रान्सला वर्षाला लाखो पर्यटक जात होते. त्यातले डझनभर. सेंत-आनमधले 63 पेशंट हे दीड दशकाहून अधिक काळातले.

दुसरी गोष्ट, ओता आणि सहकाऱ्यांनी स्वतःच पेशंटचे दोन गट केले आहेत. पहिल्या गटातल्या लोकांना मानसिक आजाराचा इतिहास आधीपासूनच होता. ते आल्या-आल्या कोसळले. काहींच्या तर प्रवासाचा हेतूच विचित्र होता. दुसऱ्या गटात पूर्वी काही त्रास नसलेले लोक होते. ते लगेच नाही, तर काही महिने राहिल्यावर, इथे आपला निभाव लागत नाही हे लक्षात येत गेल्यावर आजारी पडले. म्हणजे "आयफेल टॉवर बघितला, निराशा झाली आणि वेड लागलं" असा सरळ हिशेब नाही. आधीचा आजार, तुटलेली झोप, एकटेपणा आणि भाषेची भिंत हे सगळं एकत्र आल्यावर मोडलेलं स्वप्न म्हणजे शेवटची काडी ठरत असावी.

या गोष्टीची दुसरी बाजू तर थेट मुंबईत आहे. रेजी एरो नावाचे फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ 1980च्या दशकात मुंबईच्या फ्रेंच वकिलातीत काम करत होते. त्यांच्यासमोर यायचे ते भारतात येऊन भान हरपलेले तरुण फ्रेंच प्रवासी. कुणी गोव्याच्या किनाऱ्यावरून, कुणी वाराणसीहून. गांजा-चरस हे एक कारण होतंच, पण सगळ्यांच्या बाबतीत नाही. पॅरिसने जपान्यांना स्वप्नापेक्षा कमी दिलं होतं. भारताने या मुलांना पेलवेल त्यापेक्षा जास्त दिलं. गर्दी, घाट, जळती प्रेतं, अध्यात्म, आणि घरचं कुणीच नाही. एरो यांनी 2000 मध्ये 'भारताचे वेडे' अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी नोंदवलं की मायदेशी पाठवलं की यातले बरेच जण लवकर सावरत. आणि सावरल्यावर पुन्हा भारतात जायचं म्हणत!

ज्यांना काही होत नाही, त्यांचं काय?

म्हणजे तुमचं-आमचं. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या ग्रुप टूरने युरोप केलेल्या माणसाला विचारा, सहल कशी झाली? उत्तर येणार, "एक नंबर!" पण त्याच माणसाला टूर चालू असताना सहाव्या दिवशी बसमध्ये विचारलं असतं तर? पाय सुजलेत, पहाटे साडेपाचला बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या आहेत, शेजारच्या सीटवरचे काका कालपासून बिलावरून भांडतायत.

1997 मध्ये टेरेन्स मिचेल आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. युरोपची 12 दिवसांची सहल, थँक्सगिव्हिंगची सुट्टी आणि कॅलिफोर्नियातली तीन आठवड्यांची सायकल सफर, असे तीन गट त्यांनी निवडले. जाण्याआधी, प्रवासात आणि परतल्यावर लोकांना प्रश्न विचारले. निष्कर्ष असा की लोकांची आधीची अपेक्षा आणि नंतरची आठवण या दोन्ही गोष्टी प्रत्यक्ष अनुभवापेक्षा जास्त गोड असतात. पाऊस, थकवा, रांगा हे सगळं घरी आल्यावर लवकर पुसलं जातं. नेदरलँड्समध्ये 1,530 लोकांवर झालेला एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की सुट्टीवर जाणारे लोक इतरांपेक्षा जास्त आनंदी असतात, पण जाण्याआधी! परत आल्यावर, ज्यांची सुट्टी अगदी निवांत गेली ते सोडले, तर बाकीच्यांमध्ये आणि घरीच राहिलेल्यांमध्ये फरक उरत नाही.

म्हणूनच शेजाऱ्यांनी सांगितलेलं स्वित्झर्लंड आणि तुम्हाला दिसलेलं स्वित्झर्लंड यात तफावत पडते. ते खोटं बोलत नसतात. त्यांना खरंच तेवढंच आठवत असतं.

आपल्या ग्रुप टूरवर हसणारे बरेच असतात. परदेशात जाऊन पोळी-भाजीच खायची तर गेलात कशाला, वगैरे. पण पॅरिसच्या पेशंटची यादी समोर ठेवून बघितलं तर या टूरचा शहाणपणा लक्षात येतो. भाषेचा प्रश्न टूर मॅनेजर सोडवतो, वेटरशी तोच बोलतो, रात्री वरण-भात मिळतो आणि रडू आलं तर सोबत चाळीस मराठी माणसं असतात. स्वित्झर्लंडमध्ये युंगफ्राउयोखला, समुद्रसपाटीपासून 3,454 मीटर उंचीवर, 'बॉलिवूड' नावाचं भारतीय रेस्टॉरंट निघालं ते उगाच नाही. या सोयीची किंमत एकच. तुमची अपेक्षा जशी गेली तशीच परत येते.

खरा धोका कुणाला?

दहा दिवसांच्या टुरिस्टपेक्षा तो जास्त आहे दोन वर्षांसाठी जाणाऱ्यांना. म्हणजे शिकायला जाणाऱ्या मुलांना.

'कल्चर शॉक' हा शब्द आज कुणीही वापरतं. तो लोकप्रिय केला कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने, 1954 मध्ये रिओ दि जानेरोतल्या महिला क्लबपुढे दिलेल्या भाषणात. त्याचं म्हणणं साधं होतं. हात कधी मिळवायचा, टिप कधी द्यायची, कोण गंमतीत बोलतंय आणि कोण मनापासून, अशा शेकडो बारीक खुणांवर आपलं रोजचं जगणं चालतं. परदेशात या सगळ्या खुणा एकदम गायब होतात. त्याने लक्षणंही सांगितली आहेत. सारखे हात धुणं, पाण्याची आणि जेवणाची अवास्तव भीती, किरकोळ उशीर झाला तरी संताप, सगळे आपल्याला फसवतायत असं वाटणं, आणि घराची अनावर ओढ.

ओबर्गने टप्पे सांगितले. आधी मधुचंद्र, मग संकट, मग सावरणं. पुढच्याच वर्षी नॉर्वेच्या स्वेर लिसगार्डने अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन स्कॉलरशिपधारकांच्या अभ्यासातून इंग्रजी 'यू' अक्षरासारखा आलेख मांडला. सुरुवातीला वर, मध्ये खाली, पुन्हा वर. हाच आलेख आजही परदेशी जाणाऱ्या मुलांना ओरिएंटेशनमध्ये दाखवतात.

अडचण अशी की तो फारसा बरोबर नाही. कॉलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमध्ये शिकायला आलेल्या जपानी विद्यार्थ्यांची पोहोचल्यापासून वर्षभर पाहणी केली आणि 1998 मध्ये निष्कर्ष मांडले. मधुचंद्र वगैरे काही दिसलाच नाही. सगळ्यात जास्त त्रास अगदी सुरुवातीलाच, पोहोचल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत होता. नंतर तो कमी होत गेला.

हा फरक कागदावरचा नाही. समजा नांदेडचा एखादा मुलगा कर्ज काढून जर्मनीला गेलाय. त्याला सांगितलंय की पहिले दोन-तीन महिने मजेचे असतात. त्याला मात्र तिसऱ्याच रात्री झोप येत नाहीये. चार वाजता अंधार पडतोय, रविवारी दुकानं बंद, रूममेट बोलत नाही. मग तो काय समजतो? आपल्यातच काहीतरी कमी आहे. बाकीच्यांची स्टोरी बघितली तर सगळे बर्फात हसतायत. घरच्या व्हिडिओ कॉलवर तो म्हणतो, "सगळं मस्त आहे आई." घरच्यांनी शेत नाहीतर फ्लॅट गहाण टाकलाय, दुसरं काय म्हणणार?

त्यामुळे घरच्यांनी विचारायचा प्रश्न "कसं वाटतंय?" हा नाही. "काल झोपलास किती वाजता, आज काय खाल्लंस, कुणाशी बोललास?" हे विचारावं. पहिल्या आठवड्यात रडू येणं हे सर्रास आहे. पण झोप सलग काही दिवस उडाली असेल, मुलगा खोलीबाहेर पडतच नसेल, लोक आपल्यावर नजर ठेवतायत असं बोलत असेल, तर "होईल सवय" म्हणून सोडून द्यायचं नाही. युनिव्हर्सिटीत समुपदेशक असतात, ते याचसाठी. आणि आधी मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर नव्या देशात आपण बरे झालो असं समजून ती परस्पर बंद करणं, हा सगळ्यात वाईट बेत.

आणि परत आल्यावर?

जॉन आणि जीन गुलाहॉर्न या जोडप्याने 1963 मध्ये लिसगार्डच्या 'यू'ला अजून एक 'यू' जोडला. परत आल्यावर माणूस पुन्हा खाली जातो, असं त्यांचं निरीक्षण. परदेशाबद्दलची अपेक्षा तिकडे राहून बदलते, हे ठीक. पण घराबद्दलचीही बदलते, हे कुणी सांगत नाही. आल्या-आल्या झेब्रा क्रॉसिंगवर पाऊल टाकून गाड्या थांबायची वाट बघणारा माणूस सगळ्यांनी बघितलाय. "तिकडे असं नसतं" हे वाक्य तो दिवसातून दहादा म्हणतो आणि घरचे वैतागतात. गंमत म्हणजे तिकडे असताना हाच माणूस "आमच्याकडे असं नसतं" म्हणत होता.

मराठीत याचं सगळ्यात ठळक उदाहरण सव्वाशेहून अधिक वर्षं जुनं आहे. पंडिता रमाबाई 1886 मध्ये इंग्लंडहून अमेरिकेला गेल्या, त्या एका कार्यक्रमासाठी. आनंदीबाई जोशी डॉक्टर होणार होत्या, त्यांच्या पदवीदान समारंभासाठी. 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियात तो समारंभ झाला. रमाबाई मात्र लगेच परतल्या नाहीत. जवळपास तीन वर्षं त्या अमेरिकाभर फिरल्या, शाळा बघितल्या, बालवाडीची पद्धत शिकल्या, व्याख्यानं देऊन पैसे उभे केले. परतल्यावर 1889 मध्ये त्यांनी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक मराठीत प्रसिद्ध केलं. त्यात अमेरिकन बायकांच्या संघटनांचं भरभरून कौतुक आहे. काळ्या लोकांना आणि तिथल्या मूळ रहिवाशांना मिळणाऱ्या वागणुकीवर तितकीच स्पष्ट टीकाही आहे.

घराकडून त्यांच्या अपेक्षा काय झाल्या होत्या, हे मुंबईत दिसलं. परतल्यावर काही आठवड्यांतच त्यांनी चौपाटीजवळ विधवांसाठी 'शारदा सदन' ही शाळा काढली. तारीख होती 11 मार्च 1889, आनंदीबाईंच्या पदवीदानाला बरोबर तीन वर्षं झाली होती. आनंदीबाई तेव्हा हयात नव्हत्या. शाळेच्या सुरुवातीच्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई नावाची एक तरुण विधवा होती. पुढे महर्षी कर्व्यांनी ज्यांच्याशी पुनर्विवाह केला, त्या बाया कर्वे याच.